अंग आंबलंय: शेक घ्यावा की मालिश करावी?

परभणीच्या भाचीने घरीच उठाबशा आणि जोर काढायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की जिना उतरताना कठडा सुटेना. आता विचारते, "मावशी, शेक घेऊ की मालिश करू?"

सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून हा ठणका. २४ ते ७२ तासांत तो सर्वांत जास्त असतो, बहुधा आठवड्याच्या आत जातो. दोष व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडला देतात, पण ते तासा-दोन तासांतच निघून जातं. दोन्ही उपायांनी फक्त आराम पडतो. इजा शरीर आपली आपण भरून काढतं.

खर्चात मालिश स्वस्त. घरातलं करडईचं तेल पुरे. जाहिरातीतल्या महागड्या बाटलीची गरज नाही, काम हाताच्या दाबाचं आहे. शेकाला रबरी पिशवी एकदाच घ्यायची. विजेवरची घेऊ नका, ऐन वेळी लाईट गेली की बसा!

मेहनत मात्र मालिशीला जास्त. पोटरी घोट्याकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने स्वतःला चोळता येते, पाठीला माणूस लागतं. शेक एकटीने, पडल्या पडल्या होतो. पण मे महिन्यात, पारा ४२ वर असताना, गरम पिशवी कोण धरणार?

एकटं राहणाऱ्याने, पाठ-खांदे दुखत असतील तर किंवा थंडीत शेक घ्यावा. मांड्या-पोटऱ्यांना आणि उन्हाळ्यात मालिश. भाचीला मी मालिशच सांगितली, सोबत हळूहळू चालणं. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली किंवा पाय सुजला, तर दोन्ही सोडून तडक दवाखाना गाठायचा.