सायलेन्सरची गळती: लगेच दुरुस्ती की पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबावे?

गाडीचा आवाज फाटका येऊ लागला की आपल्या मराठवाड्यातले बहुतेक मेकॅनिक "चालतंय की, सर्व्हिसिंगला आल्यावर बघू" असे सांगतात. हा सल्ला सरसकट चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत मी एकदा थांबलो आहे आणि एकदा लगेच काम करून घेतले आहे.

थांबण्याची बाजू आधी घेतो. गळती मागच्या डब्यात किंवा शेपटाच्या नळीत असेल, अथवा सायलेन्सर टांगणारे रबर तुटले असेल, तर रबर बदलून काही दिवस काढता येतात. डिकी मात्र घट्ट बंद असली पाहिजे. सर्व्हिसिंगबरोबर काम केले की गाडी दोनदा अडकत नाही, आणि तालुक्याच्या गावी न मिळणारा भाग संभाजीनगरहून मागवायला सवड मिळते. या मधल्या काळात वेल्डिंगची ठिगळे लावण्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे. आपल्या कोरड्या हवेत सायलेन्सरला कोकणासारखा बाहेरून गंज चढत नाही, तो बऱ्याचदा आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे लिटरभर पाणी तयार होते, आणि घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या होत असतील तर डबा पुरेसा तापत नाही व ते पाणी आतच साचते. असा पातळ झालेला पत्रा एका जागी जोडला की शेजारी फुटतो.

गळती पुढे, म्हणजे मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटला (जोडातल्या पट्टीला) किंवा त्यापुढच्या जाळीदार लवचीक नळीला असेल, तर हिशेब बदलतो. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी भेग असली की तिथून बाहेरची हवाही आत ओढली जाते, सेन्सरला इंधन कमी पडत असल्याचा भास होतो आणि गाडी जास्त पेट्रोल ओतू लागते. मायलेज घटते ते सोसता येईल, पण जास्तीच्या इंधनाने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब झाला तर खर्च फार मोठा होतो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात.

तरीही माझा निर्णय पैशाने झाला नाही, एसीने झाला. मे महिन्यात बीडहून संभाजीनगरला येताना पारा चाळिशीच्या पुढे होता आणि आई मागच्या सीटवर होती. गाडी वेगात असताना काही जाणवत नसे; टोलनाक्याच्या रांगेत उभी राहिली की बॉनेटखाली साठलेला धूर काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून एसीच्या वाऱ्याबरोबर आत येई. काच उघडावी तर झळ तोंडावर, बंद ठेवावी तर जळका वास, आणि आईने पदर नाकाला लावून डोके दुखत असल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी मी पुढची ती फुटलेली लवचीक नळी बदलून घेतली. त्या डोकेदुखीचे कारण धूरच होता की ऊन, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला स्वतःचा वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, हे माहीत असताना वाट पाहणे मला पटले नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तुम्हालाही पटू नये.

पीयूसी निघाली म्हणून निर्धास्त राहू नये. तपासणीची नळी शेपटाच्या टोकाला घालतात आणि पुढची गळती त्याच्या कितीतरी आधी असते.

गळती कुठे आहे हे घरीच बरेचसे कळते. सकाळी थंड इंजिन मोकळ्या जागेत सुरू करून, मागच्या नळीच्या तोंडाशी कुणाला तरी जाड ओले फडके क्षणभर दाबून धरायला सांगावे आणि आपण बॉनेटजवळ कान द्यावा. पुढून फुसफुस ऐकू आली किंवा जोडावर काळी काजळी दिसली, तर त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे आणि तोवर त्या गाडीत कुणाला लांबच्या प्रवासाला नेऊ नये. आवाज फक्त मागूनच येत असेल, तर सर्व्हिसिंगची तारीख जवळ असल्यास थांबायला माझी हरकत नाही.