मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल सोडायचं की वळवायचं? जळगाव-धुळ्याच्या इंजिनियरसाठी चार वाटांची तुलना

जळगाव एमआयडीसीत पाइप, चटई किंवा डाळीच्या कारखान्यात पाच-सात वर्षं काढली, मशीन हाताखालून गेली, पण पगार पुढे सरकत नाही. अशा इंजिनियरपुढे चार वाटा असतात: पुण्यात आयटी, सरकारी ज्युनियर इंजिनियर (जेई), पीएलसी-ऑटोमेशन (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आणि सोलरचा स्वतःचा धंदा. आमचा कल आधीच सांगून टाकतो. जिथे जुन्या अनुभवाचे पैसे मिळतात, ती वाट आधी तपासावी. सहा वर्षं शून्य धरून बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं राहणं हा शेवटचा पर्याय.

त्याआधी पैशाचं गणित. घरखर्च आणि हप्ते मिळून महिन्याला २५,००० लागत असतील आणि तयारीला ९ महिने धरले, तर २,२५,००० बाजूला हवेत. ते नसतील तर नोकरी सोडून करायच्या वाटा आपोआप बाद होतात. मग संध्याकाळी आणि रविवारी जमेल तेवढंच.

पुण्यात आयटी

सगळ्यात जास्त बोलली जाणारी आणि सगळ्यात जास्त फसवणूक होणारी वाट. क्रम साधा आहे: आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), मग पायथन किंवा जावा यांपैकी एकच भाषा, मग गिट (कोडमधले बदल जपून ठेवायचं साधन), आणि स्वतः केलेली दोन कामं. टेस्टिंगकडे जायचं असेल तर जावासोबत सेलेनियम, म्हणजे वेबसाइट आपोआप तपासायचं साधन. गडबड होते ती दोन ठिकाणी. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या क्लासचा करार कोणी वाचत नाही. त्यात बहुतेक वेळा मुलाखतीची हमी असते, नोकरीची नसते. दुसरं म्हणजे खोटा अनुभव. तीन वर्षांचं बनावट पत्र देणारे एजंट भेटतात, पण पीएफच्या यूएएन क्रमांकावर कुठल्या महिन्यात कोणत्या कंपनीने पैसे भरले हे सगळं दिसतं. पडताळणीत ते उघड झालं की नोकरी तर जातेच, खरा अनुभवही संशयात येतो.

मेकॅनिकलवाल्याला आयटीत मागचं दार आहे, ते म्हणजे सॅप, मोठ्या कंपन्यांचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर. प्रॉडक्शन प्लॅनिंग, स्टोअर, मेंटेनन्स किंवा क्वालिटीत काम केलेल्याला त्याच विषयाचं मॉड्यूल समजायला अवघड जात नाही, कारण बीओएम (एका वस्तूला लागणाऱ्या मालाची यादी) काय आणि मटेरियल इश्यू कधी होतं हे त्याने रोज पाहिलेलं असतं. अडचण एवढीच की आपल्याकडचे बरेच कारखाने टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर चालतात. सध्याच्या नोकरीत सॅपला कधी हातच लागला नसेल, तर नुसत्या कोर्सवर मुलाखत निघत नाही. आधी सॅप असलेल्या कारखान्यात त्याच हुद्द्याची नोकरी धरा, कोर्स नंतर.

सरकारी परीक्षा

इथे शाखा फार महत्त्वाची. बांधकाम आणि जलसंपदा विभागाच्या जागा मुख्यतः सिव्हिलच्या. इलेक्ट्रिकलवाल्यांना महावितरण, महापारेषण, महानिर्मिती. मेकॅनिकलवाल्याने फक्त राज्याच्या भरतीकडे डोळे लावून बसू नये. त्याच्यासाठी रेल्वे आणि एसएससीची (केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) जेई परीक्षा जास्त कामाची. भुसावळ तर रेल्वेचंच गाव.

रेल्वे जेईचा पहिला पेपर ९० मिनिटांत १०० प्रश्नांचा, दुसरा १२० मिनिटांत १५० प्रश्नांचा. दुसऱ्यात १०० गुण तुमच्या शाखेचे असतात, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. म्हणजे कारखान्यातल्या माणसाचा कच्चा भाग हा पहिला पेपर: गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान. तांत्रिक पुस्तकात वर्ष घालवून पहिल्याच पायरीवर गळणारे पुष्कळ. सुरुवातीचं मूळ वेतन रेल्वेत ३५,४००, राज्य शासनाच्या जेईचं ३८,६००, त्यावर भत्ते. वाईट बाजू एकच, पण मोठी: जाहिरात कधी येईल आणि निकाल, कागदपत्रं, नेमणूक यात किती काळ जाईल यावर तुमचा ताबा नाही. म्हणून नोकरी चालू ठेवून दोन भरत्या द्याव्यात. अविवाहित आणि घरी शेतीचा आधार असलेल्यानेच पूर्णवेळ बसावं.

पीएलसी-ऑटोमेशन

आमची पसंती हीच, आणि कारण पाइपच्या एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन) उभं राहिलं की कळतं. बॅरलचा तिसरा झोन स्क्रीनवर १६० अंश दाखवतोय, पण माल पिवळा पडतोय, नाकाला झोंबणारा वास येतोय. नुसता प्रोग्राम येणारा माणूस पीआयडीच्या, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या सेटिंगच्या, किमती बदलत बसतो. मशीनवर वाढलेला माणूस आधी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, हलवून बघतो. तो खाचेतून सैल झालेला असतो, कमी तापमान वाचतो, म्हणून हीटर चालूच राहतो आणि पीव्हीसी जळून आम्लाचा वायू सोडतं. हे ज्ञान कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही, ते तुमच्याकडे आधीपासून आहे. वर लॅडर लॉजिक, म्हणजे पीएलसीचं प्रोग्रामिंग, शिकायचं, एवढंच.

शिकायला खर्च फार नाही. डेल्टा कंपनीच्या पीएलसीचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोडेसिस या सॉफ्टवेअरवर पीएलसी नसतानाही सिम्युलेशन करता येतं. टेबलावर एक छोटा किंवा जुना पीएलसी, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), चार पुशबटणं, दोन कॉन्टॅक्टर (मोटरचे विजेवर चालणारे स्विच) आणि अर्ध्या एचपीची मोटर व्हीएफडीसह (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मांडा. आधी साधं स्टार्ट-स्टॉप, मग फॉरवर्ड-रिव्हर्स. रिव्हर्सचं इंटरलॉक (दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम लागू न देणारी सोय) प्रोग्राममध्ये आणि वायरिंगमध्ये दोन्हीकडे घ्या. फक्त प्रोग्रामवर विसंबलात तर एक कॉन्टॅक्टर चिकटला की फेज शॉर्ट. त्यानंतर सेन्सरचा ४ ते २० मिलीअँपचा सिग्नल आणि मॉडबस, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायची पद्धत. रीडिंग नाचायला लागलं तर प्रोग्राम उघडण्याआधी केबलचा मार्ग बघा: सिग्नलची केबल व्हीएफडीच्या पॉवर केबलला खेटून एकाच ट्रेमधून गेलेली असते, किंवा केबलचं शील्ड (बाहेरची जाळी) दोन्ही टोकांना अर्थ केलेली असते.

तोटे आहेतच. नोकऱ्या मुख्यतः नाशिक, वाळूज, पुण्याकडे. जळगाव-धुळ्यात छोट्या इंटिग्रेटरकडे (कारखान्यांना ऑटोमेशन बसवून देणारा ठेकेदार) पगार बेताचा आणि कधीकधी उशिरा. फिरती भरपूर, रात्री दोनला फोन येतो. घरी आजारी आई-वडील असतील तर याचा आधी विचार करा. पण पगार न थांबवता, आपल्याच कारखान्यातलं एक बंद पडलेलं पॅनेल दुरुस्त करून सुरुवात करता येते, हा फायदा बाकी तिघांत नाही.

सोलरचा धंदा

ऊन आपल्याकडे आहेच, पण पॅनेलला ऊन हवं, उष्णता नको. मे महिन्यात पॅनेलचा सेल ७० अंशांवर गेला तर २५ अंशांच्या प्रमाणित तापमानापेक्षा तो ४५ अंश वर असतो. दर अंशाला ०.३५ टक्के धरले तर जवळपास १६ टक्के वीज कमी. ग्राहकाला हे आधी सांगा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात भांडण. आणि रावेर-यावलकडे केळी आडवी करणारी वादळं ध्यानात ठेवून स्ट्रक्चर स्लॅबला नीट अँकर करा, नुसते ठोकळे ठेवून भागत नाही.

खरा फास पैशाचा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० अनुदान आहे, पण ते काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येतं. ‘अनुदान आलं की देतो’ म्हणणारे पाच ग्राहक घेतले की तुमचे ३,९०,००० अडकले, आणि पॅनेलवाला उधारीवर थांबत नाही. लेखी करार करून ग्राहकाकडून किंवा बँकेच्या कर्जातून पूर्ण रक्कम आधी घ्या. कृषिपंपाच्या उपकंत्राटातही तेच, वर अजून एक: सौर कृषिपंपाच्या योजनेत अनुदान ७.५ एचपीपर्यंतच, आणि केळीच्या पट्ट्यात बोअर खोल. पाणी चढलं नाही की शेतकरी कंपनीला नाही, तुम्हालाच धरतो.

हे इलेक्ट्रिकलवाल्याने करावं, कारण विद्युत ठेकेदार परवान्याचं काम त्याला सोपं जातं. मेकॅनिकलवाला स्ट्रक्चर चांगलं करेल, पण परवान्यासाठी भागीदार शोधावा लागेल.

सोडताना

नोटीस पीरियड ६० की ९० दिवसांचा, हे नियुक्तीपत्रात बघा, कारण नवीन कंपनी थांबेलच असं नाही. रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय शेवटचा दिवस मानू नका. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो. आणि त्याच कंपनीत पाच वर्षं भरायला दोन-तीन महिने उरले असतील तर थांबा. बेसिक आणि डीए मिळून २०,००० असेल तर १५ भागिले २६ या हिशोबाने पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ५७,६९२ रुपये होते. वर सांगितलेल्या घरखर्चाने दोन महिन्यांहून जास्त निघतात.