थ्रेडलॉकर की वेज-लॉक वॉशर? सस्पेन्शनचे पुन्हा पुन्हा ढिले पडणारे बोल्ट

गाडीला बाहेरचे ॲडजस्टेबल आर्म, जाड स्टॅबिलायझर बार किंवा पॉलियुरेथेनचे बुश बसवले की काही दिवस मजेत जातात. मग एखाद्या स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना खालून ‘टक’ असा आवाज येतो. पाना लावून बघितलं तर बोल्ट सैल. आवळला की आवाज जातो, थोड्या दिवसांनी परत येतो. हे दोन-तीनदा झालं की माणूस साधारण दोन उपायांपाशी येऊन थांबतो: निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा आणि आत घट्ट होऊन नट धरून ठेवणारा द्रव, नाहीतर वेज-लॉक वॉशरच्या, म्हणजे आतून उतार असलेल्या वॉशरच्या जोड्या. मी दोन्ही वापरले आहेत, एकाच गाडीवर आणि मागच्या आर्मच्या त्याच बोल्टांवर. त्यामुळे जे लिहितोय ते मोजमाप नव्हे, अनुभव आहे. तुमच्या गाडीत थोडंफार वेगळं असू शकतं.

स्प्रिंग वॉशरला (एका जागी चिरलेली, किंचित पिळलेली वॉशर) मी या तुलनेत घेतलेलंच नाही. बोल्ट पूर्ण आवळला की ती सपाट होते आणि पुढे साध्या वॉशरसारखीच वागते. नासाच्या १९९० च्या फास्टनर डिझाइन मॅन्युअलमध्येही हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

दोन उपायांकडे वळण्याआधी बोल्ट ढिला कसा पडतो ते नीट पाहायला हवं, कारण माझा निर्णय तिथेच ठरला. ढिला पडणं म्हणजे नट आपोआप उलटा फिरणं, असं आपण धरून चालतो. तो फिरतो, पण बहुतेक वेळा ते शेवटी घडतं. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला खरा धोका त्याच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या धक्क्यांचा असतो. आवळलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर आडवे सरकायला लागले की आट्यांमधलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि नट मागे यायला लागतो. सस्पेन्शन आर्मच्या बोल्टवर येणारा भार नेमका असाच आडवा असतो. बोल्टचा ताण, म्हणजे आवळल्यावर ताणला जाऊन तो भागांना ज्या जोराने दाबून धरतो तो, पुरेसा असेल तोवर पृष्ठभाग सरकत नाहीत आणि नटही जागचा हलत नाही. म्हणजे आधी ताण जातो, मग नट फिरतो.

हे मला एका रेघेमुळे पटलं. मागच्या आर्मसोबत आलेल्या ब्रॅकेटवर मी नट आवळून झाल्यावर पांढऱ्या पेंटमार्करने रेघ ओढली होती, नटावरून थेट ब्रॅकेटपर्यंत. आवाज परत आल्यावर गाडीखाली जाऊन पाहिलं तर रेघ जशीच्या तशी, एका रेषेत. नट केसभरही फिरला नव्हता. तरीही टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, ठरलेल्या आकड्याला पोचला की क्लिक करणारा पाना) पूर्वीच्याच आकड्यावर ठेवून लावला, तर क्लिक यायच्या आधी नट जवळजवळ अष्टमांश फेरा पुढे गेला. मग तो पूर्ण उघडला. वॉशरखालची पावडर कोटिंग दबून कडेने बाहेर आली होती, वॉशरभोवती तिची पातळ कडी झाली होती आणि मधे ठिकठिकाणी उघडा धातू दिसत होता.

यामागचं गणित सोपं आहे. असा बोल्ट पूर्ण आवळला तरी तो लांबीत ताणला जातो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकाच, आणि सगळी पकड त्या ताणण्यातून येते. पावडर कोटिंगचा एक थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे जवळपास एक दशांश मिलिमीटर. असे दोन-तीन थर बोल्टच्या पकडीत आले आणि रस्त्याच्या माराने दबले, की नट न फिरताच पकड निम्म्यावर येऊ शकते. कंपनीच्या मूळ भागांना हा त्रास सहसा होत नाही, कारण तिथे बसायच्या जागी रंगाचा थर पातळ असतो किंवा नसतोच. बाहेरचे भाग दिसायला छान असावेत म्हणून जाड थरात रंगवलेले असतात, आणि नेमकं तेच नडतं.

पॉलियुरेथेन बुशमध्ये (आर्मच्या टोकातल्या मऊ नळीत) आणखी एक गोष्ट बघा. आतली लोखंडी स्लीव्ह बुशपेक्षा किंचित लांब हवी. ती आखूड असेल तर बोल्ट धातूऐवजी बुशलाच चिमटीत धरतो, आणि ते मऊ असल्यामुळे ताण टिकत नाही. ब्रॅकेटच्या दोन कानांमधलं अंतर स्लीव्हपेक्षा जास्त असेल तर टॉर्कचा बराच भाग कान वाकवण्यात खर्च होतो. रेंच क्लिक करतो, पण पकड आलेली नसते. तिथे फटीच्या मापाची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, लागते. रबरी बुश असतील तर शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर असतानाच करायचं. चाकं लटकती ठेवून आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि बोल्टच्या पकडीशी सतत झगडत राहतं. हे सगळं सुधारलं नाही तर खालच्या दोन्हींपैकी कोणताही उपाय काही आठवडे पुढे ढकलण्यापलीकडे काही करणार नाही.

आता थ्रेडलॉकर. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. एक बाटली सगळ्या मापांच्या बोल्टांना चालते. जाडी वाढत नाही, म्हणून बोल्टची लांबी कमी पडत नाही. आट्यांमधली फट भरून निघते, त्यामुळे गंज आत शिरत नाही आणि काही वर्षांनी बोल्ट उघडताना हे फार जाणवतं. निळं म्हणजे मध्यम ताकदीचं, साध्या पान्याने उघडणारं. लाल, म्हणजे जास्त ताकदीचं, मी सस्पेन्शनला लावू नका म्हणेन. ते सोडवायला अडीचशे अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि बोल्टच्या शेजारी रबर असताना ज्योत कुठे धरणार?

त्याच्या अटीही आहेत. ते हवा बंद झाल्यावर आणि धातूच्या संपर्कात घट्ट होतं, त्यामुळे आटे स्वच्छ लागतात. तेल, ग्रीस, जुन्या थराचा चुरा, सगळं ब्रशने आणि क्लीनरने काढायचं. झिंक प्लेटिंगच्या किंवा स्टेनलेसच्या बोल्टवर ते सावकाश घट्ट होतं, थंडीत आणखी सावकाश. पूर्ण ताकद यायला चोवीस तास धरा. ओलं असताना ते थोडंफार वंगणासारखं वागतं, हेही ध्यानात ठेवा. टॉर्कमधला जेमतेम दहावा हिस्सा बोल्टच्या ताणात जातो, बाकी सगळा घर्षणात संपतो. त्यामुळे घर्षण थोडं बदललं तरी त्याच आकड्याला ताण बराच बदलतो.

इथवर मी थ्रेडलॉकरवर खूश होतो, आणि पुष्कळ लोक या टप्प्यावर थांबतात तेही बरोबर आहे. मला खटकलं ते पुढे.

नवे भाग बसवल्यावर काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत तपासायचे असतात. भाग जागेवर बसतात, रंग दबतो, बुश आपली जागा घेतात, म्हणून हे आवश्यकच आहे. आता थ्रेडलॉकर लावून वाळलेला बोल्ट तपासा. रेंच ठरलेल्या आकड्यावर क्लिक होतो, नट हलत नाही. याचा अर्थ काय? ताण शाबूत आहे म्हणून नट हलला नाही, की वाळलेल्या थ्रेडलॉकरने धरून ठेवलाय म्हणून? बाहेरून कळायला काही मार्ग नाही. आणि नट हललाच, तर थर तुटला. मग सगळं उघडा, आटे घासा, पुन्हा लावा, आणि गाडी पुन्हा रात्रभर उभी ठेवा. अलाइनमेंट बदलायची असेल तेव्हाही हेच. ज्या काळात बोल्ट सर्वांत जास्त वेळा तपासायला हवा, त्याच काळात तो तपासता येत नाही. थ्रेडलॉकर नटाला फिरू देत नाही हे खरं, पण माझा नट फिरलाच नव्हता. गेला होता तो ताण, आणि थ्रेडलॉकर लावल्यावर तो गेलाय की नाही हेच मला कळेना. एवढ्या एका गोष्टीवरून मी त्या बोल्टांवरून थ्रेडलॉकर काढलं.

वेज-लॉक वॉशर जोडीने येतात. बाहेरच्या बाजूंना बारीक दाते असतात, ते नटाला आणि ब्रॅकेटला धरतात. आतल्या बाजूंना उतार असतात, आणि त्या उताराचा कोन आट्यांच्या कोनापेक्षा जास्त असतो. त्यामुळे नट उलटा फिरायला गेला तर वॉशरची जोडी एकमेकींवर चढते आणि ताण कमी होण्याऐवजी वाढतो. सगळं काम ताणावर चालतं, घर्षणावर किंवा गोंदासारख्या थरावर नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे आवळायच्या दिशेने त्या वाटेत येत नाहीत. रेंच लावला, नट पुढे गेला, क्लिक आला, झालं. वाट बघायची नाही, घासायचं नाही. दबून गेलेला ताण या वॉशरही परत आणत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ताण पूर्ण गेला तर त्यांचे उतारही निकामी होतात. पण तो परत आणायची मुभा त्या तुम्हाला देतात. माझ्या गाडीत पहिल्या तपासणीला नट थोडा पुढे गेला, दुसऱ्या वेळी अगदी किंचित, आणि त्यानंतर हललेला नाही. आवाजही नाही. उघडताना जोडी एकमेकींवरून उतरल्याचा ‘खट’ असा झटका हाताला लागतो. तो लागला की समजायचं, वॉशर काम करत होत्या.

त्रास त्यांचाही आहे. आरपार बोल्ट असेल तर एक जोडी डोक्याखाली आणि एक नटाखाली लागते. त्यामुळे बोल्टची लांबी खाल्ली जाते, आणि नटाबाहेर एक-दोन आटे दिसत नसतील तर त्याच वर्गाचा लांब बोल्ट आणावा लागतो. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा हा ताकदीचा वर्ग असतो, १०.९ च्या जागी ८.८ लावून चालणार नाही. खाली साधी वॉशर ठेवली तर सगळा खेळ फुकट, कारण दाते त्या वॉशरला धरतात आणि ती वॉशरच ब्रॅकेटवर फिरते. दाते रंग कापतात, म्हणून मी बसायच्या जागेवरची पावडर कोटिंग आधीच खरवडून काढतो आणि आवळून झाल्यावर कडेने गंजरोधक लावतो. ॲल्युमिनियमच्या आर्मवर दाते खोल रुततात. सारखी उघडझाप होणार असेल तर तिथली जागा खराब होईल. कॅम्बरच्या, म्हणजे चाकाचा कल बदलायच्या, एक्सेंट्रिक बोल्टवर या बसतच नाहीत. टॉर्कचा आकडाही वॉशर बनवणाऱ्याच्या तक्त्याशी ताडून घ्यावा, कारण नटाखालचं घर्षण बदललेलं असतं.

नायलॉक नटाबद्दल (आत नायलॉनची कडी असलेला नट) दोन शब्द, कारण बहुतेक किटमध्ये तेच येतात. नट गळून पडत नाही, हा त्यांचा खरा उपयोग. ताण मात्र ते राखत नाहीत, त्यामुळे सांधा खडखडत राहतो आणि नट आपल्या जागी दिसतो. उघडले की नवे लावावेत, आणि एक्झॉस्टजवळ टाळावेत. नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंतच टिकतं. स्टॅबिलायझर लिंकवर तर नायलॉकमुळे बॉलसकट पिन फिरते. ती ॲलन कीने धरली की सॉकेट बसत नाही आणि टॉर्क अंदाजानेच द्यावा लागतो.

तर आर्मचे, ट्रेलिंग लिंकचे, शॉकच्या खालच्या टोकाचे आरपार बोल्ट असतील, भाग नवे आणि रंगवलेले असतील आणि तुम्ही स्वतः अधूनमधून गाडीखाली जाणार असाल, तर मी वेज-लॉक वॉशरकडे झुकेन. भाग बसून जुने झाले आहेत, अलाइनमेंट पक्की झाली आहे आणि पुढची दोन-तीन वर्षं हात लावायचा नाही, अशा ठिकाणी थ्रेडलॉकर काही वाईट नाही. जागा अपुरी असेल तिथे तर तोच एक पर्याय. ॲडजस्टेबल लिंकच्या चेकनटांना (लिंकची ठरवलेली लांबी पक्की करणारे नट) मी अजूनही निळं थ्रेडलॉकरच लावतो, पण शेवटचं अलाइनमेंट झाल्यावर, आणि लिंक दुसऱ्या पान्याने धरून, नाहीतर चेकनट आवळताना रॉड फिरून केलेलं माप बिघडतं. कॉइलओव्हरच्या, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या शॉक-स्प्रिंग जोडीच्या, ॲल्युमिनियम कड्यांना यापैकी काहीच नको. आटे वाळू-मातीपासून स्वच्छ ठेवा आणि दोन्ही कड्या एकमेकींवर नीट आवळा. बॉलजॉइंटला जिथे कॅसल नट (खाचा असलेला नट) आणि त्यातून जाणारी स्प्लिट पिन आहे तिथे नवी स्प्लिट पिनच घाला, तिच्या जागी थ्रेडलॉकर किंवा वॉशर कधीच नाही.