सिएराच्या बदलत्या बर्फासाठी एकच जोडी: फोल्कल एम६ मंत्रा

अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोच्या डोंगरांत स्कीइंग करणाऱ्याने स्की निवडताना आधी तिथल्या बर्फाचा विचार करावा आणि ब्रँडचा नंतर, असे माझे ठाम मत आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारी वादळे सिएरा नेवाडाच्या रांगेवर आदळतात तेव्हा हवेचे तापमान बऱ्याचदा गोठणबिंदूच्या आसपासच असते. त्यामुळे इथल्या बर्फात यूटातल्या बर्फापेक्षा पाण्याचा अंश बराच जास्त असतो, आणि स्थानिक लोक त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात ते उगाच नाही. पॅलिसेड्स टाहो या स्की रिसॉर्टचा पायथा सुमारे ६,२०० फुटांवर आणि माथा सुमारे ९,०५० फुटांवर असल्याने एकाच वादळात वर हिमवर्षाव आणि खाली पाऊस, असा प्रकार तिथे अनेकदा घडतो. हा भिजलेला बर्फ रात्री गोठला की सकाळी उतार टणक असतात, दुपारी उन्हाने त्यांचा वरचा थर सैल होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तर एकाच दिवसात गोठलेला टणक बर्फ आणि कॉर्नचे, म्हणजे वितळून-गोठून दाणेदार झालेल्या बर्फाचे, सुटे दाणे दोन्ही भेटतात. ‘ऑल-माउंटन’, म्हणजे डोंगरावरच्या सगळ्या प्रकारच्या बर्फासाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कीची खरी परीक्षा या बदलांमध्ये होते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून शनिवार-रविवारी गाडी काढून टाहोला जाणारे आपले अनेक मराठी मित्र पहिली स्वतःची स्की घेताना ताज्या पावडरचे, म्हणजे नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचे, स्वप्न डोळ्यांसमोर ठेवतात आणि १०५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद जोडी उचलतात. हा मोह मला समजतो, पण पटत नाही. स्कीची मधली रुंदी वाढते तशी तिची कड बुटाच्या मध्यरेषेपासून दूर जाते, आणि टणक उतारावर स्की कडेवर उभी ठेवण्यासाठी घोट्याला व गुडघ्याला तितका जास्त जोर लावावा लागतो. उलट ८० मिलिमीटरच्या आतली स्की सकाळच्या टणक बर्फावर झटकन कडेवर जाते, पण दुपारच्या जड, तुडवलेल्या ढिगाऱ्यांत खाली रुतते आणि टोके अडकतात. सिएरातल्या चांगल्या वादळानंतरही लिफ्टखालचे उतार दुपारपर्यंत तुडवले जातात. म्हणजे अस्पर्श पावडरवर आपण थोडा वेळ असतो आणि उरलेला सारा दिवस तिच्या चुऱ्यावर. एकच जोडी घ्यायची असेल तर ९४ ते ९८ मिलिमीटरचा पट्टा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. हीच जोडी गुलमर्गला न्यायचा विचार असेल तर गणित बदलते: तिथे गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवतच्या खांद्यावर पोचल्यावर ग्रूम केलेला, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेला, उतार नसतोच, आणि तिथल्या खोल, कोरड्या बर्फात रुंद स्की भाड्याने घेणेच योग्य.

गेले काही हिवाळे मी फोल्कलची एम६ मंत्रा १७७ सेंटिमीटर लांबीत वापरत आहे. बव्हेरियातल्या श्ट्राउबिंग गावच्या या कंपनीने हे मॉडेल २०२१-२२ च्या हंगामात आणले. टोकाशी १३५, मध्ये ९६ आणि शेपटीशी ११९ मिलिमीटर अशी तिची रुंदी आहे. पायाखाली कॅम्बर म्हणजे वरच्या दिशेची कमान, आणि टोक व शेपटी किंचित आधीपासून उचललेली, म्हणजे रॉकर, हा आता बहुतेक कंपन्यांचा रूढ आकार झाला आहे. मंत्राचे वेगळेपण धातूच्या रचनेत आहे. पारंपरिक ताठ स्कीत लाकडी गाभ्याच्या वर आणि खाली टिटॅनलचे अखंड पत्रे असतात. टिटॅनल हे नावावरून टिटॅनियम वाटले तरी प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचे मिश्रधातू आहे आणि ते कंपने फार चांगली शोषते. मंत्रात हा धातू मुख्यतः कडांच्या बाजूने चौकटीसारखा बसवलेला आहे आणि त्या चौकटीची मापे स्कीच्या लांबीनुसार बदललेली आहेत. त्यामुळे कडेला पकड आणि स्थैर्य मिळते, तरीही मधल्या भागात स्की वाकायला मोकळी राहते. लांबीनुसार केलेला हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एरवी छोट्या लांबीची स्की घेणाऱ्या हलक्या व्यक्तीला उंच पुरुषासाठी आखलेलाच ताठपणा सोसावा लागतो. बाजूच्या वक्राची त्रिज्याही एकसारखी नाही: पुढे मोठी, पायाखाली लहान, मागे पुन्हा मोठी. स्की हलकेच कडेवर टेकवली तर वळण लांब येते आणि अधिक दाब देऊन वाकवली तर ते आखडते.

बर्फावर याचा अर्थ काय होतो? सकाळी नुकत्याच ग्रूम केलेल्या टणक उतारावर ही स्की एकदा कडेवर गेली की सुटत नाही, आणि वेग वाढला तरी टोके फडफडत नाहीत. पण तिचे खरे बळ मला दुपारी कळते. सिएरा सिमेंटचे तुडवून झालेले ढीग, मध्येच घासून उघडे पडलेले टणक पट्टे आणि त्यांवर वाऱ्याने आणून टाकलेला दाट बर्फ अशा उतारावर हलक्या स्की प्रत्येक ढिगावर उसळतात, तर मंत्रा त्यातून सरळ वाट काढते. तिचे वजन, म्हणजे एका स्कीचे साधारण दोन किलो, इथे उपयोगी पडते. घोट्यापर्यंतच्या ताज्या बर्फात ती पुरेशी तरंगते. गुडघ्याइतका बर्फ असेल तर टोक वर ठेवायला श्रम पडतात. वसंतातल्या कॉर्नवर ती अतिशय आनंद देते. मोगल्समध्ये, म्हणजे उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांमध्ये, आणि दाट झाडीत मात्र तिची शेपटी चटकन सुटत नाही. वजन पुढे ठेवून, प्रत्येक वळण पूर्ण करूनच ती चालवावी लागते. आळसावून मागे रेलणाऱ्याला ती दमवते, म्हणून ज्यांची समांतर वळणे अजून पक्की झालेली नाहीत त्यांना ही स्की मी सुचवणार नाही.

अशांसाठी सॅलोमनची क्यूएसटी ९८ अधिक योग्य ठरेल. ९८ मिलिमीटरच्या या स्कीत धातूचे पूर्ण लांबीचे पत्रे नाहीत, टोक व शेपटीचा रॉकर अधिक उदार आहे आणि मऊ बर्फात तिला बाजूला सरकवून वळवणे सोपे जाते. झाडीत आणि अनिश्चित बर्फात ती आत्मविश्वास देते. फक्त अगदी टणक उतारावर वेगात तिच्याकडून मंत्राइतक्या पकडीची अपेक्षा ठेवू नये. स्लोव्हेनियातल्या बेगुन्ये गावच्या एलान कंपनीची रिपस्टिक ९६ ही तिसरी, आणि तिघींत सर्वांत हलकी. तिच्यात डावी आणि उजवी स्की वेगळी असते: आतल्या कडेला कॅम्बर आणि बाहेरच्या कडेला रॉकर, म्हणजे ज्या कडेवर आपण वळणात उभे असतो ती पकड घेते आणि दुसरी अडखळत नाही. ही कल्पना प्रत्यक्षात चांगली चालते आणि दिवसाअखेरीस पायांना हलकेपणा जाणवतो. तरीही जड, खडबडीत बर्फावर मला वजनाची साथ हवी असते, आणि टाहोत असा बर्फ वारंवार भेटतो म्हणून माझी पसंती मंत्राला आहे. कोलोरॅडोत राहत असते, तर कदाचित रिपस्टिक घेतली असती.

लांबीबाबत दुकानदार बहुधा हनुवटी ते कपाळ असा ठोकताळा सांगतात. मंत्रा १६३, १७०, १७७, १८४ आणि १९१ सेंटिमीटरमध्ये मिळत असे, आणि दोन लांबींमध्ये मन अडकले तर सफाईने स्की करणाऱ्याने मोठी, बाकीच्यांनी लहान घ्यावी. २०२४-२५ च्या हंगामापासून एम७ मंत्रा बाजारात असल्यामुळे एम६ सवलतीत किंवा वापरलेली मिळू शकते. अशी जोडी घेताना तळ आणि कडा नीट तपासाव्यात. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी खटक्याची जोडणी, सहसा वेगळे घ्यावे लागते, आणि त्याचा ब्रेक ९६ मिलिमीटरच्या स्कीला १०० किंवा ११० मिलिमीटरचा असावा. बुटाचा तळ ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा असा वक्र प्रकारचा, असेल तर बाइंडिंग त्याला चालणारे आहे याची खात्री करावी, आणि पडल्यावर बूट बाइंडिंगमधून किती जोराला सुटावा हे ठरवणारे मूल्य वजन, उंची, वय, कौशल्य व बुटाच्या तळाची लांबी पाहून प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्यावे. पैसे मोजकेच असतील तर आधी नीट मापाचे बूट घ्यावेत आणि स्की एक हंगाम भाड्याची वापरावी.

शेवटी निगेविषयी. वसंतातला ओला बर्फ स्कीच्या तळाला ओढून धरतो, म्हणून मार्चपासून उष्ण तापमानाचे वॅक्स वापरावे आणि तळावर पाणी निचरा होईल अशी खरखरीत रेघांची रचना दुकानातून करून घ्यावी. टणक सकाळींसाठी बाजूची कड दोन अंशांवर आणि तळाची एक अंशावर ठेवली की मंत्रा पकड सोडत नाही, आणि उघड्या खडकांवरून गेल्यानंतर कडेवर उठलेले खवले त्याच संध्याकाळी हिऱ्याच्या दगडाने घासून काढावेत.