बर्न की कंट्रोल? आधी घड्याळ बघा

मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या मॉडर्न प्रकारातल्या स्पर्धेला लाल बर्न (थेट मारा करून झटपट जिंकणारा डेक, म्हणजे पत्त्यांचा संच) न्यावा की निळा-पांढरा कंट्रोल (समोरच्याला रोखत डाव लांबवून जिंकणारा), ही चर्चा नेहमी पत्त्यांच्या ताकदीवर अडकते. माझ्या मते निकाल बराचसा ५० मिनिटांच्या राउंडमध्ये लागतो.

बर्नचं गणित सरळ आहे. समोरच्याचं लाइफ २०, ते शून्यावर आणायचं; लाइटनिंग बोल्ट या पत्त्याचा मार ३. असे सात पत्ते लागले की झालं. बोल्ट समोरच्याच्या दिसेल त्या क्रीचरवर (हल्ला करणाऱ्या प्राण्याच्या पत्त्यावर) उडवू नका. ते क्रीचर मरेपर्यंत तुम्हाला ३ पेक्षा जास्त मार देणार असेल तरच खर्च करा. स्कलक्रॅक (३ मार देणारा आणि त्या पाळीत लाइफ वाढू न देणारा पत्ता) समोरच्याचा लाइफ वाढवणारा पत्ता लागू होण्याआधी, त्यावर उत्तर म्हणून टाकायचा. नंतर टाकला तर तो नुसता महागडा बोल्ट. २० लँडच्या (बाकीचे पत्ते खेळायला ऊर्जा देणाऱ्या पत्त्यांच्या) डेकमध्ये सुरुवातीला एकाच लँडचा हात ठेवायचा मोह होतो. पहिली पाळी तुमची असेल तर दुसऱ्या पाळीपर्यंत दुसरं लँड मिळायची शक्यता साधारण ३६ टक्के, दुसऱ्याची असेल तर ५९. पहिल्या परिस्थितीत मलिगन घ्या (एक पत्ता गमावून नवा हात घ्या), दुसरीत हात स्वस्त असेल तरच ठेवा.

कंट्रोलमध्ये निर्णय जास्त, मजाही जास्त, हे मान्य. काउंटरस्पेल (समोरचा खेळत असलेला पत्ता रद्द करणारा पत्ता) कशासाठी राखायचा हे कळणारा खेळाडू बर्नवाल्यापेक्षा कठीण सामने काढतो. पण डाव हातात आल्यावरही तो संपत नाही. डॉमिनारियाचा हिरो टेफेरी हा पत्ता हेच एकमेव शस्त्र असेल, तर आपला डेक संपू नये म्हणून टेफेरीच्याच ताकदीने टेफेरीला पुन्हा पुन्हा डेकमध्ये परत पाठवत, समोरच्याच्या डेकमधले पत्ते संपून तो हरेपर्यंत खेळाडूला बसावं लागतं. वेळ संपली की चालू पाळीनंतर फक्त पाच पाळ्या. १-१ वर तिसरा डाव अडकला की बरोबरी, म्हणजे ३ ऐवजी १ गुण. दोन बरोबऱ्यांचे २, पण एक विजय आणि एक पराभव ३ देतो! मला खटकतं ते हेच: जिंकत आलेल्या डावाचे गुण हातून जातात.

कंट्रोलच घ्यायचा असेल तर साइडबोर्डच्या (दोन डावांच्या मध्ये डेकमध्ये बदलून घ्यायच्या) १५ राखीव पत्त्यांत लवकर मारणारे दोन क्रीचर ठेवा, आणि पहिला डाव गेलाच असेल तर तो लांबवू नका, सोडून द्या. हात भराभर चालत असेल तर कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही. एरवी मी बर्नच उचलेन.