हिपॅटायटिसच्या तपासण्या करणाऱ्या बेळगावातील एका लॅबविषयी

बेळगाव शहरातील एका खासगी लॅबमध्ये आमच्या घरच्या दोन रुग्णांच्या हिपॅटायटिसच्या तपासण्या झाल्या. निपाणीचे माझे मामा हिपॅटायटिस सी चे रुग्ण आहेत आणि नंदगडचा चुलतभाऊ हिपॅटायटिस बी चा. खानापूर, चंदगड, संकेश्वर अशा सगळ्या बाजूंचे लोक या लॅबमध्ये येतात. लॅबचे नाव मी देत नाही, कारण अशी पॅकेजे इतर ठिकाणीही विकली जातात आणि मला जे सांगायचे आहे ते पॅकेज घेणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

नमुना घेण्याचे काम येथे उत्तम होते, हे आधी नोंदवतो. विषाणूचे प्रमाण मोजायचे असेल तर रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेऊन त्यातील प्लाझ्मा ठरावीक तासांत वेगळा करावा लागतो, नाहीतर विषाणूचे आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) विघटित होऊन आकडा खोटा कमी येऊ शकतो. येथे मामांच्या समोरच नळीवर नाव, वय आणि वेळ यांचे स्टिकर लावले गेले, प्लाझ्मा केंद्रातच वेगळा केला गेला आणि गोठवलेला नमुना त्याच संध्याकाळी मुंबईला रवाना झाला. कर्मचारी मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच आपुलकीने बोलतात, ज्येष्ठांना ताटकळत ठेवत नाहीत आणि अहवाल सांगितलेल्या दिवशी मोबाइलवर येतो.

माझी तक्रार पॅकेजविषयी आणि अहवालाविषयी आहे. मामांना अँटिबॉडी, विषाणूचे प्रमाण आणि जीनोटाइप (विषाणूचा जनुकीय प्रकार) अशा तिन्ही तपासण्या एकत्र घ्यायला लावल्या आणि त्यांतला मोठा खर्च जीनोटाइपचा होता. उत्तर आले, ‘जीनोटाइप 3’. त्यापुढे खुलाशाची एकही ओळ नव्हती. हिपॅटायटिस सी चा विषाणू सुमारे 9,600 रासायनिक ‘अक्षरांच्या’ आरएनएचा असतो आणि त्याची नक्कल करणारे एन्झाइम झालेल्या चुका दुरुस्त करीत नाही. त्यामुळे एकाच रुग्णाच्या शरीरातही त्याची किंचित वेगवेगळी रूपे एकत्र नांदतात, आणि या विषाणूवर अद्याप लस नाही त्याचे एक मोठे कारण हेच आहे. त्याचे आठ प्रमुख जीनोटाइप मानले जातात आणि त्यांच्यात परस्परांत साधारण तीस टक्के फरक असतो. भारतात 3 आणि 1 हे प्रकार अधिक आढळतात.

इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनच्या काळात हा क्रमांक फार महत्त्वाचा होता, कारण जीनोटाइप 1 ला साधारण 48 आठवडे आणि 2 किंवा 3 ला 24 आठवडे उपचार द्यावे लागत. आता सोफोसबुव्हिरबरोबर डॅक्लाटासव्हिर किंवा वेल्पाटासव्हिर दिले की सर्व जीनोटाइपवर बहुतेक वेळा 12 आठवड्यांत काम होते. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात आणि सिरोसिस (यकृत कायमचे कठीण होऊन त्यावर व्रण पडणे) नसलेल्या रुग्णाला जीनोटाइप न पाहताच सुरू करता येतात. मामांना सिरोसिस नव्हता. म्हणजे पॅकेजमधील सर्वांत महाग तपासणीवर त्यांच्या उपचारातील काहीच अवलंबून नव्हते.

जीनोटाइप निरुपयोगी आहे, असे मात्र मला म्हणायचे नाही. प्रकार 3 मध्ये यकृतात चरबी साठण्याचे आणि यकृत लवकर कठीण होत जाण्याचे प्रमाण जास्त दिसते. सिरोसिस झालेला असेल किंवा पहिला उपचार फसला असेल, तर तज्ज्ञांना हा प्रकार आणि औषधाला दाद न देणारी उत्परिवर्तने, विशेषतः विषाणूच्या एनएस5ए प्रथिनातील वाय93एच नावाचा बदल, पाहावी लागतात. ही तपासणी कोणाला लागते, एवढे तरी पॅकेज देण्यापूर्वी काउंटरवर सांगायला हवे होते.

चुलतभावाच्या बाबतीत जे घडले ते मला अधिक गंभीर वाटते. त्याच्या अहवालात पृष्ठभागी अँटिजेन (विषाणूच्या आवरणातील प्रथिन, म्हणजे संसर्गाची खूण) पॉझिटिव्ह होते आणि ई-अँटिजेन (विषाणू जोमाने वाढत असताना सहसा रक्तात येणारे दुसरे प्रथिन) निगेटिव्ह. काउंटरवरील मुलाने आपुलकीनेच सांगितले, “दादा, ई निगेटिव्ह आहे, म्हणजे विषाणू झोपलाय. काळजी करू नका.” त्याच पानावर खाली एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) मात्र स्पष्टपणे वाढलेले होते. हिपॅटायटिस बी च्या सुमारे 3,200 अक्षरांच्या डीएनएत 1896 व्या स्थानी ‘जी’ ऐवजी ‘ए’ आला की ई-अँटिजेन तयार करण्याचा संदेश मध्येच तुटतो, पण विषाणूची वाढ थांबत नाही. रक्तात ई-अँटिजेन सापडत नाही आणि यकृताची हानी चालू राहते. भारतात ए आणि डी हे जीनोटाइप प्रामुख्याने आढळतात आणि हा बदल डी मध्ये विशेष दिसतो, त्यामुळे आपल्याकडे ही शक्यता दुर्मीळ मानून चालत नाही. यकृततज्ज्ञांनी अहवाल पाहताच विषाणूच्या डीएनएचे प्रमाण मागवले. पॅकेजमध्ये ती तपासणी नव्हती. ती त्याच लॅबमध्ये स्वतंत्रपणे केली, तेव्हा आकडा डॉक्टर ज्याला महत्त्व देतात त्या प्रति मिलीलिटर 2,000 एककांच्या पुष्कळ वर आला आणि टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू झाले. वाढलेल्या एसजीपीटीसह ई-निगेटिव्ह अहवाल निघाला, तर त्यावर ‘डीएनए तपासणीसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ अशी ठळक ओळ छापणे लॅबला मुळीच कठीण नाही.

ज्यांनी पूर्वी दीर्घकाळ लॅमिव्हुडिन हे हिपॅटायटिस बी चे जुने औषध घेतले आहे, त्यांच्यासाठी औषधविरोधी उत्परिवर्तनांची तपासणीही येथे होते. तिची चौकशी केल्यावर मला व्यवस्थित उत्तर मिळाले.

काविळीच्या पॅकेजमधील हिपॅटायटिस ए आणि ई च्या तपासण्यांबद्दल माझी तक्रार नाही. 2012 मध्ये आमच्या शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ची साथ पसरली होती, आणि गरोदर स्त्रियांना त्याचा जीनोटाइप 1 किती घातक ठरतो हे लक्षात घेता ही तपासणी त्वरित मिळणे मोलाचे आहे. या दोन्ही विषाणूंचे जीनोटाइप अनेक असले तरी सीरोटाइप (अँटिबॉडींना ओळखू येणारे रूप) एकच असल्याने साधी अँटिबॉडी तपासणी पुरते.

नमुन्याची काळजी आणि आकड्यांची विश्वासार्हता यांसाठी मी या लॅबची शिफारस करतो, पॅकेजसाठी करीत नाही. डॉक्टरांकडून तपासण्यांची नावे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत आणि तेवढ्याच कराव्यात. मामांची गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी होणारी आरएनए तपासणी आणि चुलतभावाची पुढची डीएनए तपासणी आम्ही येथेच करणार आहोत. त्या दोन्ही सुट्या मिळतात, याची काउंटरवर खात्री करून घेतली आहे.