३० फ्रेमवर कुलूप: फ्लाइट सिम्युलेटर आठ महिने वापरल्यावर

मी पायलट बियलट काही नाही. फोंड्यात राहतो, संध्याकाळी दुकान बंद केलं की तासभर पीसीवर विमान उडवतो, तेवढंच. मायक्रोसॉफ्टचा २०२० वाला सिम्युलेटर मे महिन्यात टाकला. पीसी मधल्या फळीतलाच, रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा.

पहिल्याच दिवशी चित्राची सगळी सेटिंग अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वर, टाकली, दुसरं काय करणार. आकाशात मस्त, सेकंदाला ५० च्या वर फ्रेम, म्हणजे चित्रं. पण दाबोळीला पूर्वेकडून रनवे २६ वर उतरायला आलो, उजवीकडे झुआरी नदी दिसायला लागली की नेमकं तिथेच झटके सुरू, ४८, ३१, ४४, २६ असं काहीतरी, आणि फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक वर घेताना, चित्र अडकलं की विमान आपटलंच समजा. ज्या दुकानातून पीसी जोडून घेतला त्यांना विचारलं तर कार्ड बदला म्हणाले. मी जवळजवळ बदलणारही होतो!

नशीब डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा आकडा बघितला. तिथे लाल अक्षरात मेन थ्रेड, म्हणजे सीपीयूवरचं मुख्य काम, अडकलाय असं येत होतं, म्हणजे कार्ड बिचारं रिकामं बसलंय आणि दम लागलाय तो सीपीयूला. मग नवं कार्ड घालून काय कपाळ होणार होतं? टेरेनचं म्हणजे जमिनीचं डिटेल २०० वरून १०० केलं, आपोआप उडणारी एआय विमानं बंद, एअरपोर्टवरच्या गाड्या अगदी कमी, कॉकपिटच्या स्क्रीनचा रिफ्रेश मीडियम. खरं सांगतो, १०० वर लांबचे डोंगर थोडे मऊ दिसतात पण उतरताना डोंगर बघतो कोण.

तरी खरा फरक पडला तो व्ही-सिंक (फ्रेमची मॉनिटरशी जुळणी) लावून ३० वर कुलूप घातल्यावर. ऐकायला उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० म्हणजे प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, ३३.३ मिलिसेकंद, दर वेळी तेवढाच. ४० फ्रेम मिळाल्या तर काही एकदा दिसतात काही दोनदा, आणि डोळ्याला खुपतं ते हेच. एकदा कुलूप लागल्यावर तो आकडा मी स्क्रीनवरून काढूनच टाकला, नाहीतर विमान सोडून आकडाच बघत बसायचो.

जूनमध्ये वेगळीच गंमत. लाइव्ह वेदर चालू, बाहेर पाऊस आणि स्क्रीनवरही पाऊस, आणि आता मात्र कार्डच अडकायला लागलं कारण ढगांचा भार सगळा त्याच्यावर. ढग अल्ट्रावरून हाय केले, झालं. फरक शोधूनही सापडत नाही. डीएलएसएसही (चित्र लहान काढून मोठं करायची युक्ती) करून बघितलं, फ्रेम वाढल्या पण एअरबसच्या स्क्रीनवर उंचीचे आकडे सरकताना मागे शेपूट सोडतात, मला ते सहन होईना, परत टीएए या साध्या कडा गुळगुळीत करायच्या पद्धतीवर आलो. पावसाळ्यात लाईट जाते तो भाग निराळा, तीन वेळा तर ऐन फायनलवर, म्हणजे रनवे समोर असताना, गेली, शेवटी यूपीएस घेतला. नेट गेलं की जमीनही चिखल कालवल्यासारखी दिसते, कारण सॅटेलाइटची चित्रं उडता उडता खाली येतात, त्याला सेटिंगमध्ये औषध नाही.

चवथीला भाचे आले होते, गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून आळीपाळीने सेसना उडवली, त्यांच्या मोबाईलवर १२० हर्ट्झ असतं तरी एकानेही अडकतंय म्हणून तक्रार केली नाही. आईला तर फ्रेमशी देणंघेणंच नाही, ती आतून ओरडते, "विमान देंवलें काय जेवपाक यो!" म्हणजे विमान उतरलं की जेवायला ये.

राहिलेली कुरकुर एवढीच की ३० वर माऊसने मान फिरवली तर जड वाटतं, लढाऊ विमानवाल्यांना हे चालणार नाही. आणि मुंबईला उतरताना अजूनही एखाददुसरा झटका बसतो. तिथे टेरेन ७० वर आणतो आणि परत येताना १०० करायला हमखास विसरतो.